कणगी आणि वही

(प्रौढ साक्षरता वर्गातील मंडळींपुढे केलेले भाषण)

मंडळी,

आता तुम्हाला लिहिता-वाचता येऊ लागले आहे. स्वतःचे नाव लिहिता येते. बसची पाटी वाचता येते. हजारापर्यंत आकडे मांडता येतात. ही विद्या घरात कशी कामी येईल, ते आज पाहू.

आजचा विषय आहे घरखर्चाचे अंदाजपत्रक. शब्द मोठा आहे, गोष्ट सोपी आहे. घरात पैसा किती येणार, तो कशाला किती लागणार, हे आधी ठरवायचे आणि वहीत मांडायचे. एवढेच.

तुम्ही म्हणाल, "आमच्या आजा-पणज्यांनी कुठं अंदाजपत्रक केलं?" मी म्हणतो, केलं. रोज केलं. कसं ते ऐका.

कणगीतला हिशोब

आज जिथे नवी मुंबई उभी आहे, तिथे आपल्या गावांची भातशेती होती. खाडीला बांध घालून लोक खारजमीन पिकवत. कुठे मिठागरे होती, कुठे मासेमारी होती. भात वर्षातून एकदाच घरात यायचे. आधी बियाणे निवडून काढायचे. ते पेंढ्याच्या मुड्यात घट्ट बांधून वेगळे ठेवायचे. मग उरलेले भात कणगीत भरायचे.

कणगी रोज डोळ्यांसमोर असे. होळीलाच ती अर्धी झाली, की घरातली म्हातारी म्हणायची, "अगं, पावसाळा अजून लांब आहे. जरा हात आखडता घे." बियाण्याच्या मुड्याला मात्र कोणी हात लावत नसे. एक वेळ पेज पिऊन दिवस काढतील, पण बियाणे शिजवणार नाहीत. बियाणे खाल्ले तर पुढच्या वर्षी शेतात काय पेरणार?

पाहा, यात सगळे अंदाजपत्रक आले. किती आहे ते दिसत होते. किती दिवस पुरवायचे ते ठाऊक होते. आणि उद्याचा वाटा आजच्या वाट्यापासून वेगळा बांधलेला होता.

पैशाला मात्र कणगी नाही. खिशात किती उरले, बँकेत किती उरले, ते डोळ्यांना दिसत नाही. आता तर नोटही हाताला लागत नाही. मोबाईलवर बोट टेकवले, की पैसे गेले. दहा रुपये गेले की हजार गेले, बोटाला सारखेच वाटते. म्हणून पैशासाठी कणगी आपल्यालाच करावी लागते. ती कणगी म्हणजे वही.

जमीन गेली, पैसा आला

आपल्या भागाला या वहीची गरज इतरांहून जास्त का आहे, ते सांगतो.

सरकारने 1970 साली सिडको ही संस्था स्थापन केली. नव्या शहरासाठी ठाणे, पनवेल आणि उरण या भागांतील 95 गावांची जमीन घ्यायचे ठरले. जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी आगरी, कोळी आणि इतर भूमिपुत्रांनी मोठा लढा दिला. दि. बा. पाटील त्या लढ्याचे पुढारी होते. 1984 साली जानेवारीच्या 16 आणि 17 तारखेला उरण तालुक्यात जासईच्या परिसरात गोळीबार झाला. पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यामुळे साडेबारा टक्के विकसित जमीन शेतकऱ्याला परत देण्याची योजना आली. पुढे विमानतळासाठी उलवे, तरघर, कोंबडभुजे, चिंचपाडा अशा दहा गावांना आपली घरे सोडावी लागली. त्यांना वेगळा मोबदला आणि भूखंड मिळाले. 8 ऑक्टोबर 2025 रोजी त्या विमानतळाचे उद्घाटन झाले आणि त्याच वर्षीच्या 25 डिसेंबरपासून विमाने उडू लागली.

म्हणजे हा पैसा कुणाच्या मेहेरबानीचा नाही. हक्काचा आहे. त्यासाठी माणसे मेली आहेत. पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. भात दरवर्षी येत होते. जमिनीचा पैसा एकदाच येतो. शेत गेल्यावर आलेला पैसा म्हणजे पीक नव्हे. तो बियाण्याचा मुडा आहे. ज्या घराने तो मुडा ओळखला, ते घर टिकले. ज्या घराने त्याला पीक समजून शिजवले, त्या घरातली मुले आज त्याच जमिनीवरच्या इमारतीत पहारा करतात.

मोठ्या पैशाचे पुढे बोलू. आधी रोजच्या पैशाची वही घालू.

वही कशी घालावी

शंभर पानांची साधी वही पुरे. पानाच्या मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च. पहिला महिना काहीच ठरवू नका. फक्त लिहा. रात्री जेवण झाले, की पाच मिनिटे बसा. भाजी 60, बस 20, चहा 10, असे लिहा. मोबाईलवरून दिलेले पैसेही लिहा. ज्याला लिहायला वेळ लागतो त्याने मुलाला जवळ बसवावे. मुलालाही कळू द्या, घर कशावर चालते ते.

महिना भरला, की बेरीज करा. मग पुढच्या महिन्याचा अंदाज मांडा. एक घर समजायला घेऊ. आकडे फक्त उदाहरणाचे आहेत. तुमच्या घरचे तुम्ही घाला.

नवरा गोदामात कामाला आहे. बायको मासळी विकते. गावठाणातल्या घराची एक खोली भाड्याने दिली आहे. घरात दोन मुले आणि एक म्हातारी आई.

महिन्याची जमा:
पगार – 16,000 रुपये
मासळीचे – 8,000 रुपये
खोलीचे भाडे – 5,000 रुपये
एकूण – 29,000 रुपये

महिन्याचा खर्च:
धान्य, भाजी, दूध, तेल – 10,500 रुपये
वीज, गॅस, मोबाईल – 2,500 रुपये
मुलांची शाळा आणि शिकवणी – 3,000 रुपये
येणे-जाणे – 2,000 रुपये
औषधपाणी – 1,500 रुपये
कर्जाचा हप्ता – 3,000 रुपये
पाहुणे, आहेर, देणे-घेणे – 2,500 रुपये
चहा, तंबाखू, किरकोळ – 2,000 रुपये
एकूण – 27,000 रुपये

29,000 मधून 27,000 गेले. 2,000 उरले. घरधनी म्हणेल, "वा! आपलं तर बरं चाललंय." मग दर गणपतीला कर्ज का काढावे लागते? हाच खरा प्रश्न आहे.

वर्षातून एकदा येणारे पाहुणे

काही खर्च दर महिन्याला येत नाहीत. वर्षातून एकदा येतात. म्हणून ते महिन्याच्या यादीत दिसत नाहीत. ते आले, की आपण म्हणतो, "अचानक खर्च आला." पण सांगा बरे, गणपती अचानक येतो का? जूनमध्ये शाळा अचानक उघडते का? पावसाळा काय न सांगता येतो?

त्याच घराचे वर्षाचे खर्च मांडू:
जूनमध्ये शाळेची फी, वह्या, दप्तर – 9,000 रुपये
गणपती – 8,000 रुपये
होळी आणि गावची जत्रा – 6,000 रुपये
पावसाआधी घराची डागडुजी – 6,000 रुपये
दिवाळी आणि कपडे – 4,000 रुपये
घरपट्टी, पाणीपट्टी – 3,000 रुपये
एकूण – 36,000 रुपये

36,000 ला 12 महिन्यांनी भागा. महिन्याला 3,000 आले. आपल्याकडे तर 2,000 च उरत होते. म्हणजे दर महिन्याला 1,000 रुपये कमी पडतात. वर्षाला 12,000 कमी पडतात. हेच ते गणपतीचे कर्ज. ते भाद्रपदात दिसते, पण रोज थोडे थोडे साचत असते.

वहीने आता दुखणे दाखवले. औषध आपण शोधायचे. किरकोळ खर्च 2,000 चा 1,000 केला. पाहुणे आणि आहेर 2,500 चे 1,500 केले. मग महिन्याचा खर्च 25,000 झाला. 4,000 उरले. त्यातले 3,000 वर्षाच्या खर्चासाठी वेगळे ठेवले. 1,000 खरी शिल्लक राहिली. पगार एक रुपयाने वाढला नाही, तरी घर कर्जातून वर आले.

खेकड्याचे बीळ

जुन्या जाणत्यांना ठाऊक आहे, खाडीचा बांध एका दिवसात फुटत नाही. आधी खेकडा लहानसे बीळ पाडतो. त्यातून पाणी झिरपते. मग एका उधाणाला बांधाला खांड पडते आणि सगळे शेत खारे होते. किरकोळ खर्च तसाच असतो. दिवसाला 50 रुपये म्हणजे काहीच नाही, असे वाटते. महिन्याला ते 1,500 होतात. वर्षाला 18,000 च्या वर जातात. बीळ लहान असतानाच बुजवावे लागते. पण ते आधी दिसले पाहिजे. वही ते दाखवते.

ओहोटीचा हिशोब

दिवाळे गावातल्या मावश्यांना विचारा. मासळीचा धंदा रोज सारखा नसतो. जून-जुलैत यांत्रिक होड्यांना समुद्रात मासेमारीची बंदी असते. श्रावणात गिऱ्हाईक कमी. एरवी कधी पाटी भरून मासळी मिळते, कधी निम्मी. रोजंदारीवाल्याचे, रिक्षावाल्याचेही तसेच. अशा घराने अंदाज कसा धरावा?

भरतीचा धरू नये. ओहोटीचा धरावा. बेताच्या महिन्यात जे मिळते तेच जमेला लिहावे. आपल्या उदाहरणातले मासळीचे 8,000 तसेच धरले आहेत. चांगल्या महिन्यात 12,000 आले, तर वरचे 4,000 वेगळे ठेवावे. अगदीच खाली गेले, की ते उपयोगी पडतात.

आधी बाजूला, मग खर्चाला

पुष्कळ लोक म्हणतात, "महिनाअखेरी उरेल ते शिल्लक टाकू." महिनाअखेरी काही उरत नाही. म्हणून बियाण्यासारखे आधी बाजूला काढावे.

वाशीच्या घाऊक बाजारात माथाडी कामगार पाठीवर ओझे वाहतात. पूर्वी हमालाला धड नोकरी नव्हती, म्हातारपणाची सोय नव्हती. अण्णासाहेब पाटलांनी त्यांची संघटना बांधली. 1969 साली माथाडी कायदा झाला. माथाडी मंडळे निघाली. मजुरी मंडळामार्फत मिळू लागली. भविष्य निर्वाह निधीचा वाटा आधीच बाजूला पडू लागला. कमाई रोजच्या घामाची, पण म्हातारपणाचा मुडा बांधलेला. आपल्याला कुणी मंडळ नसेल, तर आपणच आपले मंडळ व्हावे. पगार झाला, की त्याच दिवशी बँकेच्या खात्यात किंवा बचत गटात ठरलेली रक्कम भरावी. 200 असली तरी चालेल. पण पहिल्या दिवशी.

मोठा पैसा आला तर

आता मुड्याकडे वळू. समजा, जमिनीचे किंवा भूखंडाचे 20,00,000 रुपये घरात आले. घरचा खर्च महिन्याला 40,000 नी वाढला. 50 महिन्यांत सगळे संपले. म्हणजे चार वर्षे आणि दोन महिने. मूल पहिलीत असेल तर पाचवीत जाईपर्यंत.

तेच पैसे वर्षाला शेकडा 6 रुपये व्याजाने बँकेत ठेवले, तर वर्षाला 1,20,000 मिळतात. महिन्याला 10,000. मूळ तसेच राहते. महागाई वाढते, म्हणून सगळे व्याज खाऊ नये, थोडे परत मुळात घालावे. कोणी घर बांधून खोल्या भाड्याने देईल, कोणी दुकान घालेल, कोणी मुलीला शिकवेल. तेही पेरणेच आहे. पेरले की उगवते. गाडीत आणि मांडवात घातलेले उगवत नाही.

ठेव कुठे ठेवता, तेही पाहा. पनवेलच्या कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने 2021 साली रद्द केला. बँक बुडाली, तर कायद्याने एका माणसाला एका बँकेतल्या ठेवीपोटी व्याजासह 5,00,000 रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. 2020 सालापासून ही मर्यादा आहे. त्याच्या वरच्या पैशाला ते संरक्षण नाही. पतपेढीतल्या ठेवीलाही हा विमा नाही. म्हणून सगळी अंडी एका टोपलीत घालू नका. आणि "वर्षात दुप्पट करून देतो" म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा.

हळदीची रात्र

आता जरा कडू बोलतो. राग मानू नका.

आपल्याकडे लग्नात हळदीची रात्र मोठी असते. गाणे, नाच, जेवणावळ, मांडव. आनंद करू नये, असे कोण म्हणेल? पोरीची हळद आयुष्यात एकदाच. पण शेजाऱ्याने दोन हजार पाने वाढली म्हणून आपण तीन हजार वाढायची, हा आनंद नव्हे. ही चढाओढ आहे. पाहुणे जेवून जातात. दुसऱ्या दिवशी नाव काढतात, आठ दिवसांत विसरतात. हप्ता मात्र पाच वर्षे राहतो.

यावर उपाय साधा आहे. तारीख ठरण्याआधी वहीत एक आकडा लिहा. हळद, लग्न, दागिने, सगळे धरून. घरातल्या सगळ्यांसमोर लिहा. पोरीलाही विचारा, "बाय, तुला एका रात्रीचा मांडव हवा, की तुझ्या नावावर ठेव हवी?" तिचे उत्तर ऐकून घ्या. मग तो आकडा ओलांडायचा नाही.

कर्ज काढावेच लागले, तर आधी आकडेमोड करा. सावकार म्हणतो, "शेकड्याला फक्त पाच रुपये." ते महिन्याचे असतात. 20,000 घेतले तर महिन्याला 1,000 नुसते व्याज. 20 महिन्यांत 20,000 व्याजात गेले, आणि मूळ 20,000 तसेच उभे. मोबाईलवर झटपट मिळणाऱ्या कर्जाचेही तसेच. किती घेतले, एकूण किती फेडायचे, ते वहीत लिहून मगच होय म्हणा. परवाना नसताना सावकारी करणे हा महाराष्ट्राच्या 2014 च्या कायद्याने गुन्हा आहे, हेही लक्षात असू द्या.

वही कुणाच्या हाती

कोळ्याच्या घरी मासळीचा पैसा बाईच बघत आली आहे. बाजार तिचा, भाव तिचा, हिशोब तोंडपाठ तिचा. म्हणून वही एकट्या पुरुषाने लिहू नये. नवरा-बायकोने दोघांनी बसून लिहावी. ज्या वहीत एकाचाच खर्च लिहिला जातो आणि दुसऱ्याचा झाकला जातो, ती वही खोटी. पहिल्या महिन्यात भांडण होईल. होऊ द्या. तोंडाच्या भांडणाला शेवट नसतो. आकड्याच्या भांडणाला असतो.

कोणी म्हणेल, "मुळात कमाईच पुरत नाही. वही घालून काय पैसे वाढणार आहेत?" खरे आहे. वही पैसे वाढवत नाही. पण वहीत कामाचे दिवस लिहिले असले, तर ठेकेदाराने चार दिवसांची मजुरी कापली ती कळते. निधी कापला पण भरला नाही, हे विचारता येते. ज्याचे थोडे, त्याला तर वही जास्त हवी. भरल्या कणगीतून मूठभर सांडले तर चालते. रिकामी होत आलेल्या कणगीतला दाणा दाणा मोजावा लागतो.

आणि शेवटचे एक सांगतो. आजवर आपला हिशोब दुसरेच लिहीत आले. खोताच्या वहीत आपले भात लिहिलेले. सावकाराच्या वहीत आपले कर्ज लिहिलेले. अलिबागजवळ चरीच्या परिसरात खोतांविरुद्ध शेतकऱ्यांनी 1933 सालापासून 1939 पर्यंत संप केला, जमिनी कसल्या नाहीत, नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी होते. ती आपलीच माणसे. त्यांच्यातल्या कितीतरी जणांना समोरच्या वहीत काय लिहिले आहे, ते वाचता येत नव्हते. सांगितले तिथे अंगठा उठवायचा.

तुम्हाला वाचता येते. लिहिता येते. आता आपल्या घराचा हिशोब आपल्या अक्षरात असू द्या. अक्षर वाकडे आले तरी चालेल. बेरीज सरळ असली म्हणजे झाले.

आता तुम्ही लिहा

1. तुमच्या घरात महिन्याला पैसा कुठून कुठून येतो? बेताच्या महिन्याचे आकडे लिहा.
2. वर्षातून एकदाच येणारे खर्च कोणते? त्यांची बेरीज करा आणि 12 ने भागा.
3. तुमच्या घरातले "खेकड्याचे बीळ" कोणते? घरातल्या सगळ्यांना विचारून एकच लिहा.
4. पुढच्या महिन्याच्या पहिल्या दिवशी तुम्ही किती रुपये बाजूला ठेवाल? तो आकडा अक्षरांतही लिहा आणि खाली सही करा.